अंधारखोली आणि बारवीचे पाणी

नियतकालिकांच्या संपादकांची एक सूचना पूर्वी ठरलेली असे. लेखासोबत छायाचित्र पाठवायचे झाल्यास ते कृष्णधवल असावे, आणि चकचकीत कागदावर असावे. चर्चचा सुवर्णमहोत्सव असो, नव्या धर्मगुरूंचा दीक्षाविधी असो की कुणाच्या निधनाची वार्ता असो, 'ग्लॉसी प्रिंट' जोडल्याशिवाय ती सहसा छापली जात नसे. त्यामागे संपादकांची हौस नव्हती. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छायाचित्राचा जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक करावा लागे. खरखरीत कागदावरील चित्राचा पोत ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्यात उतरत असे आणि छापताना चेहऱ्यावर देवीचे व्रण आल्यासारखे दिसत. गुळगुळीत, चकाकणाऱ्या कागदावर काळा रंग अधिक काळा दिसतो आणि पांढरा स्वच्छ राहतो. मधल्या करड्या छटाही सुट्या पडतात. म्हणून ग्लॉसी.

हे चकचकीत चित्र तयार होई कोठे? मोठ्या शहरांत स्टुडिओ होते. पण कितीतरी चित्रे घरांत तयार झाली आहेत. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून, झिरोच्या लाल दिव्याखाली, घरची मंडळी झोपल्यावर ती काढली जात. ही गृहोद्योगी कला आता जवळजवळ अस्तास गेली आहे. तिचा इतिहास लिहिणारे लेखक कॅमेऱ्याविषयी पुष्कळ लिहितात, भिंगांविषयी लिहितात, क्वचित कागदाविषयीही लिहितात. पाण्याविषयी मात्र कुणी फारसे लिहीत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आपल्या टापूत राहणाऱ्या माणसाला तरी तो विषय टाळता येऊ नये, कारण येथील घराघरांतले पाणी कोठून येते हे आपण जाणतो.

या टापूतील छायाचित्रणाचा आरंभ शिवमंदिरापासून करावा लागतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. युरोपात ही विद्या जाहीर झाली १८३९ मध्ये. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांत आपल्याकडे ती शाळेत शिकवली जात होती. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातून तयार झालेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीच्या कार्यकारी मंडळात होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. ही नावे मुद्दाम देतो, कारण कॅमेरा म्हणजे साहेबाच्याच हातातली वस्तू असा आपला एक समज असतो.

१८६८ साली मुंबई सरकारने अंबरनाथच्या मंदिराची रीतसर नोंद करण्याचे ठरवले. मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी आपले विद्यार्थी घेऊन येथे आले. त्यांनी मोजमापाची रेखाचित्रे काढली, शिल्पांचे साचे घेतले आणि छायाचित्रेही घेतली. त्या काळची रीत ओल्या काचेची होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवायची. थर वाळला की काच निकामी. त्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे, आणि तंबूपाशी पाणी हवे. मंदिराच्या कडेने वालधुनी वाहते. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच. पण त्या वर्षी तिच्या काठी कारखाना नव्हता.

त्या काळात अशा काचांवरून चित्र कागदावर उतरवण्याची सर्रास चालणारी पद्धत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची होती. कागदाला बलकाचा थर दिला की त्याला सुंदर चमक येई. त्यावर चांदीचा क्षार चढवून, काचेखाली दाबून तो उन्हात ठेवायचा आणि सोन्याच्या क्षारात रंग खुलवायचा. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हा कागद करणाऱ्या एका कारखान्यात १८८० च्या दशकात दिवसाला साठ हजार अंडी फोडली जात. 'ग्लॉसी' हा शब्द आपल्या कानी येण्याच्या कितीतरी आधी चकचकीत चित्र होते, आणि त्याची चकाकी कोंबडीने दिलेली होती.

टेरीसाहेबांचे नाव दप्तरात राहिले. ज्या विद्यार्थ्यांनी साचे ओतले, काचा धुतल्या, उन्हात कागद उलटेसुलटे केले, त्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. मंदिरातील शिलालेखाचीही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. डॉ. भाऊ दाजींनी त्यावरील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, असे दाखवून दिले. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. खुणा किती स्पष्ट उमटतात आणि किती काळ टिकतात यावर इतिहास केवढा अवलंबून असतो!

छायाचित्रण घरात शिरले ते जिलेटिनमुळे. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली. त्यातून वाळलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या काचा निघाल्या, आणि मग कागद निघाले. १८९३ मध्ये लिओ बेकलँड याने 'व्हेलॉक्स' नावाचा कागद आणला. तो गॅसच्या दिव्याच्या उजेडात छापता येई, ऊन लागत नसे. आता दिवसभर कामधंदा करून रात्री घरी छायाचित्र छापणे शक्य झाले. छंदिष्ट माणसाला रात्र मिळाली, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील घरगुती अंधारखोलीचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र साध्या छायाचित्राचे नाही, चित्रपटाचे आहे. दादासाहेब फाळके हे जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी 'ख्रिस्ताचे जीवन' हा मूकपट पाहिला आणि कृष्णाचे, रामाचे चरित्र असेच पडद्यावर आणावे हा ध्यास त्यांनी घेतला. भारतीय चित्रपटाची ठिणगी प्रभू येशूच्या चरित्रपटातून पडली, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असेल. त्यापुढची गोष्ट तितकी ठाऊक नसते. दादरच्या त्यांच्या घरात रात्री कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडणे, रसायने कालवणे आणि चित्रित झालेली फिल्म धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. दागिनेही त्यांनीच पुढे केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा टाळ्या कुणाला मिळाल्या हे सांगायला नको. सरस्वतीबाईंच्या हातांना रसायनांचा वास किती दिवस येत राहिला असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता आपल्या टापूकडे परत येऊ. १९२० च्या दशकात अंबरनाथला 'विमको'चा काडेपेटीचा कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उठली. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांनी आसरा घेतला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे 'उल्हासनगर' झाले. अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखानेही आले. त्यांच्याबरोबर गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे, केरळचे कॅथॉलिक कामगार आले. यंत्राशी सलगी असलेल्या या माणसांपैकी काहींना कॅमेऱ्याचे वेड होते. हाती बहुधा बडोद्यात बनलेला आग्फाचा साधा डबा-कॅमेरा. कागद आग्फाचा 'ब्रोव्हिरा', किंवा पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. १९६० साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी १९६७ पासून माल काढू लागली, आणि स्वस्त देशी कागद छंदिष्टांच्या हाती पडू लागला. आज तो कारखाना बंद आहे.

सेमिनरीत आमच्या छंदवर्गातही असाच एक एन्लार्जर होता, त्यामुळे ही प्रक्रिया मी पुस्तकातून नव्हे, हाताने शिकलो. एन्लार्जरखाली कागद ठेवून निगेटिव्हमधून आठदहा सेकंद उजेड द्यायचा. कागद कोराच दिसतो. मग तीन ताटल्या. पहिलीत मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचे डेव्हलपर. कागद त्यात बुडवून ताटली हळूहळू हलवीत राहायचे. वीसेक सेकंदांत आधी केस दिसतात, मग भुवया, मग डोळे. दीड-दोन मिनिटांत चित्र पूर्ण होते. दुसऱ्या ताटलीत सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे घरचा व्हिनेगरच म्हणा ना. त्याने डेव्हलपरचे काम थांबते. तिसरीत हायपो. हायपो उरलेला, उजेड न लागलेला चांदीचा क्षार विरघळवून काढतो, आणि मगच दिवा लावता येतो.

पुस्तकांत सारी तापमाने वीस अंशांची दिलेली असत. मे महिन्यात बदलापूरला वीस अंश कोठून आणणार? डेव्हलपरची ताटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागे. जिलेटिन उन्हाळ्यात फुगून कागदावरून सुटू लागे, म्हणून हायपोत तुरटी घालीत. आपल्या आज्या गढूळ पाणी निवळायला जी तुरटी फिरवीत तीच ही. पावसाळ्यात वेगळी चिंता, वाळत न आलेल्या चित्रावर बुरशी धरण्याची.

आणि ती चकाकी? कागद ग्लॉसी असला तरी हवेत वाळवला तर त्याला मंद तकाकीच येई. आरशासारखी चमक हवी असेल तर ओले चित्र क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर, नाहीतर निर्मळ काचेवर पालथे घालून त्यावरून रबरी रूळ फिरवावा लागे. काचेला आधी मेणाचा किंवा शंखजिऱ्याच्या भुकटीचा हलका हात. चित्र वाळत आले की काचेवरून 'टक्‌' आवाज करून आपोआप सुटे. मध्ये हवेचा किंवा पाण्याचा बुडबुडा राहिला असेल तर तेथे शिंपल्यासारखे निस्तेज वलय उमटे, आणि ते चित्र पुन्हा भिजवावे लागे. घरच्या कपाटाचा आरसा काढून त्यावर फोटो वाळवणारे लोक होते. गृहिणीने काय म्हटले असेल ते वाचकांनी ओळखावे. नंतर प्लॅस्टिकचा थर असलेले कागद आले आणि ही खटपट संपली. ते आपोआप चकचकीत वाळतात. सोय झाली खरी. पण माझ्या नजरेला त्या चकाकीत खोली वाटत नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध डार्करूम आपल्या श्रद्धेशी निगडित आहे, म्हणून दोन ओळी. इटलीतील तुरिन येथे मे १८९८ मध्ये सेकोंदो पिया या वकिलाने पवित्र कफनाची छायाचित्रे घेतली. हा हौशी छायाचित्रकार होता. रात्री काच धुताना तिच्यावर त्याला उलटे नव्हे, सुलटे मुखमंडल दिसले. कफनावरील पुसट ठसाच निगेटिव्हसारखा होता. १९८८ च्या कार्बन चाचणीने ते वस्त्र १२६० ते १३९० या काळातील ठरवले, आणि त्यावर आजही वाद चालू आहे. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की लक्षावधी भाविकांनी शतकानुशतके पाहिलेल्या वस्त्रावरील तो चेहरा प्रथम दिसला तो एका हौशी माणसाला, ओल्या काचेवर, लाल उजेडात.

आता पाणी. हायपोचा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच शोधला होता, आणि छायाचित्र टिकाऊ झाले ते त्याच्यामुळे. पण जो हायपो चित्राला वाचवतो, तोच कागदात राहिला तर चित्राला मारतो. त्यातील गंधक चांदीला खाते. पांढरा भाग पिवळसर होतो, काळा भाग तपकिरी, आणि चेहरा हळूहळू भिंतीवरच्या ओलीसारखा दिसू लागतो. जुन्या धाटणीच्या कागदाच्या धाग्यांत हायपो मुरतो, म्हणून तो वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या लक्षात आले की समुद्राच्या खाऱ्या पाण्याने हायपो लवकर निघतो. शेवटी गोडे पाणी दिले की झाले. त्यातूनच पुढे हायपो लवकर काढणारी क्षारयुक्त द्रावणे निघाली. वसईच्या किनाऱ्यावरील छंदिष्टांना हे कळले असते तर त्यांचे किती कष्ट वाचले असते!

वाहते पाणी, तेही तासभर. ज्या चाळीत नळाला दिवसातून तासभर पाणी येते, आणि त्या तासात हंडे, बादल्या, पिंप भरायचे असतात, तेथे फोटो कोण धुणार? छंदिष्ट माणूस मग पहाटेची वेळ गाठी, नाहीतर बादलीतले पाणी दहा-बारा वेळा बदली. आळशी माणूस दोनदा बदली आणि झोपे. त्या रात्री दोघांची चित्रे सारखीच दिसत. फरक दिसायला वीस-तीस वर्षे लागली.

१९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने बदलापूरजवळ उल्हासच्या बारवी या उपनदीवर धरण बांधले. पाणी मुख्यतः कारखान्यांसाठी होते. पुढे ते अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर आणि थेट ठाणे, नवी मुंबईपर्यंत नळांतून पोहोचले. त्या वर्षांनंतर आपल्या गावांत ज्या अंधारखोल्या चालल्या, त्यांतील कितीतरी चित्रे बारवीच्या पाण्याने धुतली गेली आहेत. आपले विवाह, प्रथम कम्युनियन, सणाच्या मिरवणुका, कारखान्याच्या फाटकावरची निदर्शने, सारे काही.

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. अलीकडच्या दशकात शेवटची वाढ झाली तेव्हा मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावपाड्यांना उठावे लागले. यांत शेतकरी होते, ठाकूर आणि कातकरी आदिवासी होते. मोबदला, पुनर्वसन, घरटी एक नोकरी यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या लढ्याच्या बातम्या आपण वाचल्या, आणि सकाळी नळ सोडला.

या कुटुंबांपैकी काहींच्या नव्या घरांत मी गेलो आहे. भिंतीवर देवाची तसबीर असते, मुलाचा अलीकडचा रंगीत फोटो असतो, मतदार ओळखपत्रासाठी काढलेला एखादा चेहरा असतो. जुने काही विचारले की म्हातारी माणसे हाताने दाखवतात. येथे ओटा होता, येथे खळे, येथे चिंच. चित्र नाही. कागद, वीज, एन्लार्जर आणि तासभर वाहते पाणी, यांतले त्यांच्याकडे काहीच नव्हते. पाणी तेवढे होते, ते आपल्याकडे आले. माणसे चित्रांत का नाहीत याचे उत्तर इतिहासकार सहसा सत्तेत किंवा जातीत शोधतात, आणि ते खरेच आहे. पण कधीकधी ते उत्तर नळाच्या तोटीइतके साधेही असते.

धर्मग्रामाच्या इतिहासासाठी आम्ही घरोघरची जुनी छायाचित्रे पाहत आहोत. काही सूचना त्यानिमित्ताने देतो. चित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने लिहावे. नावे आजीला विचारून आजच लिहावीत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. मोबाईलवर प्रत घेतली म्हणून मूळ चित्र रद्दीत घालू नये. त्यात चांदी आहे म्हणूनही नव्हे; वापरलेल्या हायपोतून चांदी काढणारे व्यापारी पूर्वी लॅबच्या दारात येत, तो धंदा वेगळा. आणि चित्र पिवळे पडले असेल तर घरी ते पुन्हा धुण्याचा खटाटोप करू नये. जुने जिलेटिन भिजले की सुटते.

या शोधात बुडीत क्षेत्रातील एकच जुने कृष्णधवल चित्र आमच्या पाहण्यात आले. पोस्टकार्डाएवढे, चकचकीत. अंबरनाथच्या कारखान्यातील एका कामगाराने सहकाऱ्याच्या गावी लग्नाला गेल्यावर ते काढले आणि आपल्या न्हाणीघरात छापले, असे ते जपणाऱ्या कुटुंबाचे म्हणणे आहे. मांडवाखाली नऊ माणसे उभी आहेत, मागे कौलारू घर आणि आंब्याची फांदी. डाव्या कोपऱ्यात शिंपल्यासारखे एक वलय राहिले आहे. नऊपैकी चौघांची नावे कळली. उरलेल्या पाचांची विचारपूस चालू आहे. कडा पांढऱ्याशुभ्र आहेत. धुणाऱ्याने पाणी पुरेसे बदलले होते.